आप्पांचा हात आणि दहा व्होल्ट

आमच्या घरात चहाचा पेला काठापर्यंत भरायची रीत होती. काठापर्यंत म्हणजे अगदी वरची साय हलेल इतका. आप्पा म्हणायचे, मेंढरामागं हिंडणाऱ्या माणसाच्या पालावर कोण आलं तर देण्यासारखं दुसरं असतंय काय, जे हाय ते भरून द्यावं. अर्धा पेला पुढं केला म्हंजी पाहुण्याला ‘आता ऊठ’ म्हटल्यासारखं. मेंढरं आजोबांच्या काळातच सुटली होती, पण ही रीत काही सुटली नव्हती. त्यामुळं दौंडहून सुट्टीला घरी आले आणि आईनं आप्पांच्या पुढं अर्धाच पेला ठेवलेला पाहिला, तेव्हा मी पटकन बोलून गेले, की काय गं आई, आप्पांवर रुसलीस का. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की माझ्या तोंडातली भाकरी तशीच राहिली. आप्पांनी पेला उचलला. उजवा हात थरथरत होता, पेल्यातला चहा या काठावरून त्या काठावर जात होता, पण अर्धाच असल्यामुळं सांडला नाही. दादा खाली मान घालून ठेचा भाकरीला लावत बसला.

आता आप्पांचं काम काय होतं ते सांगते, नाहीतर त्या हाताचं काय एवढं असं वाटेल. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा घेतात, आणि तो ठसा ज्याचा घेतात तो नमुना लाकडाचा असतो. त्याला पॅटर्न म्हणतात. पंपाचं झाकण असो, गिअरबॉक्सचं खोकं असो, आधी ते सागवानात घडतं. आप्पा तरुणपणी सणसवाडीच्या एका फाउंड्रीत वाळू उपसायला लागले होते, तिथल्या बाबूचाचा नावाच्या म्हाताऱ्या पॅटर्नवाल्यानं त्यांना जवळ ओढलं आणि पटाशी हातात दिली. पुढं आप्पांनी शिरूरला घोडनदीच्या अंगाला घर बांधलं, मागं पत्र्याची शेड टाकली, आणि काम घरी आणलं. माझं बालपण त्या शेडच्या आवाजात गेलं. रंध्याची सरसर, पटाशीवर मोगरीचा ठक, मग बराच वेळ काही नाही, मग परत ठक. त्या मधल्या गप्प वेळात आप्पा लाकडावरून अंगठा फिरवत असत. सागवानाचा भुसा आमच्या पिठात, अंथरुणात, केसांत असायचा. शाळेतल्या पोरी म्हणायच्या, तुझ्या डब्याला लाकडाचा वास येतोय. येत होता, खरंच येत होता. अजूनही कुठं सागवान कापताना वास आला की मला भूक लागते, याला काय म्हणावं.

हात आधी बोटाबोटानं थरथरायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हेही सांगितलं की हे थांबत नसतं. आत्यानं बिरोबाला नवस बोलला. शेजारच्यांनी कुठलं कुठलं तेल आणून दिलं, आई ते रोज चोळायची, सगळ्या घराला त्याचा उग्र दर्प. आप्पा मात्र रोज शेडमध्ये जाऊन बसायचे. पटाशी लाकडावर टेकवायचे, वाट बघायचे, हात थांबायची वाट बघायचे. हात थांबत नसे. मग पटाशी परत जागेवर ठेवून पाती पुसत बसायचे. ठक ऐकू येणं बंद झालं, आणि त्या बंद होण्याचाच आम्हाला जास्त आवाज यायला लागला.

माझा थोरला भाऊ भानुदास, म्हणजे दादा, त्याचं सगळं उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. फाउंड्रीच्या साहेबांनी निरोप धाडला, की आप्पांच्या हातचं काम आता मापात बसत नाही, दिवाळीनंतर एक नमुना करून दाखवा, जमलं तर काम तुमच्याकडंच ठेवतो, नाहीतर पुण्याला देतो. झालं. दादानं बंद पडलेल्या एका वर्कशॉपातून कॉम्प्युटरवर चालणारं कोरीव कामाचं जुनं मशीन उचलून आणलं. टेम्पोतून उतरवताना अर्धी गल्ली मदतीला आली होती. भोपळ्याएवढा मॉनिटर, लोखंडी पलंगासारखं टेबल, आणि त्यावर उभी मोटर, तिला स्पिंडल म्हणतात, तिच्या टोकाला कापायचं पातं. मशीन हलत होतं, डावीकडं जात होतं, उजवीकडं जात होतं, कॉम्प्युटर सांगेल तसं नकाशावर चालत होतं. फक्त स्पिंडलचा वेग काही ऐकत नव्हता. फिरायचं तर पूर्ण जोरात, नाहीतर बंद. पूर्ण जोरात पातं सागवानाला लागलं की लाकूड जळायचं. कडा काळ्या, शेडभर धूर. आप्पा कोपऱ्यात स्टुलावर बसून पाहायचे, आणि प्रत्येक वेळी लाकूड जळलं की त्यांचा चेहरा, काय सांगू, आपल्याच लेकराला कुणी चटका द्यावा तसा व्हायचा.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दौंडला आत्याकडं राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते, दुसऱ्या वर्षाला होते, आणि आमच्या सगळ्या नात्यागोत्यात करंट या विषयावर शेवटचा शब्द माझा होता. पाहुण्यांचे रेडिओ मी उघडले होते, त्यातले काही परत बंदही केले होते. दादाला म्हटलं, मी करते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःच्या शेजारी स्टूल दिलं.

अडचण काय ती मला कळली होती, तेवढं शिकले होते. कॉम्प्युटरकडचं कार्ड वेग सांगतं ते ठोक्यांत. चालू-बंद, चालू-बंद, सेकंदाला शेकडो वेळा. जास्त वेळ चालू, कमी वेळ बंद, म्हणजे जोरात फिर. उलट असेल तर हळू. आणि मोटरला हाकणारा जो डबा, ज्याला ड्राइव्ह म्हणतात, त्याला ठोक्यांची भाषा कळतच नाही. त्याला शून्य ते दहा व्होल्टच्या मधला एक स्थिर आकडा लागतो. पाच दिले की अर्ध्या वेगानं, दहा दिले की पूर्ण. मधे ठोक्यांचं व्होल्टेज करणारी छोटी पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, असायची, ती विकणाऱ्यानं काढून घेतली होती की हरवली होती देव जाणे. ड्राइव्हच्या तोंडावरची बटणंही मेलेली होती. दादानं दोन तारा डोकं चालवून थेट दहा व्होल्टला जोडल्या होत्या, म्हणून स्पिंडल सदा पिसाटलेला. मला ती मधली पाटी करायची होती. आज माझे विद्यार्थी ती एका तासात करतात आणि उरलेल्या वेळात मोबाईल बघतात. मी त्यांच्यावर चिडत नाही, पण त्यांना ती इतकी सोपी वाटते याचा मला थोडा राग येतो, हे खरं.

दौंडला आत्याचं घर रेल्वे लाइनीच्या इतकं जवळ होतं की इंजिन शंटिंगला आलं की मांडणीतली भांडी आपोआप वाजायची. त्या वाजणाऱ्या भांड्यांखाली बसून मी पाटी जुळवली. आत्या हुलग्याच्या शेंगोळ्या करता करता विचारायची, झालं का गं, आन् मी म्हणायची, होतंय. शनिवारी दुपारची एसटी पकडून पाटस, चौफुला, न्हावरा करत शिरूरला यायचं, वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत चाललेली, मांडीवर पाटीचा डबा, कुणाचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. रविवारी जोडून बघायचं. पहिल्या रविवारी स्पिंडल फिरलाच नाही. दुसऱ्यांदा फिरला, पण घुंऽ घुंऽ करत, आता जोरात आता मंद, लाकडावर त्याच्या लाटा उठल्या. मीटरवर आकडा बरोबर दिसत होता. मीटर सरासरी दाखवत होतं, आतली थरथर दाखवत नव्हतं. मी वायरीला दोष दिला, अर्थिंगला दिला, शिरूरच्या लाइटीला दिला. नाचता येईना अंगण वाकडं. दादा तोंडानं काही म्हणत नव्हता, पण पान्हा असा काही आपटायचा की म्हटलेलं परवडलं असतं.

त्या रविवारी दुपारी दादा जेवायला गेला आणि शेडमध्ये मी आणि आप्पा दोघंच उरलो. मला रडू येत होतं आणि बापासमोर रडायची आमच्याकडं पद्धत नव्हती, म्हणून मी उगाच तारा सोलत बसले. आप्पांनी विचारलं, की पोरी, नेमकं अडतंय कुठं, मला कळंल असं सांग. मी इकडं तिकडं पाहिलं. शेडच्या वर आमची पाण्याची टाकी होती. मी म्हटलं, नळाला पाणी कसं येतं, बघा. फसकन येतं, थांबतं, परत फसकन येतं. त्याला थेट तोंड लावलं तर नाकातोंडात जाईल. तेच पाणी वरच्या टाकीत पडू दिलं, की खालच्या तोटीला धार एकसारखी. वर कितीका उसळेना, खाली कळत नाही. माझ्या पाटीत अशी टाकी आहे, तिला कपॅसिटर म्हणतात. ती बहुतेक लहान पडतीय. मोठी बसवली की ठोके तिच्यात मुरतील, आणि बाहेर एकसारखं व्होल्टेज येईल.

आप्पांनी हे सगळं मन लावून ऐकलं. वर टाकीकडं पाहिलं, मग पाटीकडं पाहिलं. मग उजवा हात मांडीवरून उचलून माझ्यासमोर धरला. हात आपला हलतोय.

“ह्याला बसत न्हाई का गं तसली टाकी?”

चेष्टा नव्हती. आप्पा लाकडाबद्दल आणि देवाबद्दल चेष्टा करत नसत, आणि त्या दिवसांत हाताबद्दलही करत नव्हते. त्यांना खरंच वाटलं होतं. का वाटू नये? ज्या पोरीला चालू-बंद चालू-बंद करणारा करंट सरळ करता येतो, तिनं डॉक्टरला न सुचलेलं काहीतरी शोधलंही असेल. इतके रविवार ते त्या स्टुलावर का बसून होते, ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं मशीन बघतायत.

“न्हाई, आप्पा,” मी म्हटलं. “माणसाला न्हाई बसत.”

“बरं,” ते म्हणाले, आणि हात परत मांडीवर ठेवून त्यावर डावा हात ठेवला. “मला वाटलं, इचारून बघावं.”

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी नापास झाले, लग्नाच्या बाजारात झाले, बढतीच्या मुलाखतीत झाले, पण त्या ‘बरं’ इतकं मला कशानं लागलं नाही. दौंडला परत जाताना एसटीत खिडकीला डोकं टेकून पाटसपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं मला शेंगदाणे दिले आणि काही विचारलं नाही, त्या बाईचं भलं होवो.

मोठा कपॅसिटर बसवला आणि स्पिंडल सरळ फिरला. इतका सरळ, की दादानं मान तिरकी करून ऐकलं आणि मग आईला हाक मारून बोलावलं. आता फक्त वेग लाकडाच्या जातीप्रमाणं थोडा वर-खाली लावायचं राहिलं होतं. पाटीवर त्यासाठी एक चिमुकला स्क्रू होता. आप्पा उठून जवळ आले आणि म्हणाले, एवढं मला करू दे, वास आन् आवाज मला कळतोय. दादा म्हणाला, राहू द्या आप्पा. मी पेचकस त्यांच्या हातात दिला. पेचकसाचं टोक त्या स्क्रूच्या खाचेत बसेना. बसायचं, निसटायचं, पाटीवर टकटक आपटायचं. आप्पांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तरी तेच. आम्ही दोघं भावंडं दोन्ही बाजूंना उभी, आणि दोघांनाही दुसरीकडं कुठं बघावं ते कळेना. शेवटी त्यांनी पेचकस टेबलावर ठेवला आणि म्हणाले, भाना, तूच बघ.

पुढच्या शनिवारी मी आत्याच्या बंद पडलेल्या रेडिओचं आवाजाचं बटण काढून आणलं. चांगलं मुठीत मावणारं, गोल, कडेला खाचा असलेलं. त्या स्क्रूच्या जागी ते बसवलं आणि डब्याबाहेर काढलं. दादा म्हणाला, ह्याची गरज काय, वेग तर प्रोग्रॅम सांगतोय. मी म्हटलं, तुला काय करायचंय, आणि दादानं पहिल्यांदाच पुढं वाद घातला नाही.

साहेब आले ते दिवाळीनंतर, सकाळच्या वेळी. आईनं अंगण सारवलं होतं. शेडमध्ये पंपाच्या झाकणाचा नमुना कापायला लावला. दादा कॉम्प्युटरशी, साहेब हाताची घडी घालून उभे, मी पाटीच्या डब्याशी. पातं लाकडाला लागलं आणि हलका करपल्याचा वास आला. साहेबांनी नाक वर केलं. दादाचा चेहरा उतरला. हे लाकूड सरावाच्या लाकडापेक्षा जुनं आणि टणक होतं, प्रोग्रॅममधला वेग त्याला जास्त होत होता, आणि मशीन मधे थांबवलं तर नमुन्यावर खूण पडली असती. आप्पा स्टुलावरून उठले, आले, आणि त्यांनी ते बटण धरलं.

हात हलत होता, हाताबरोबर बटण हलत होतं, माझ्या डोळ्यांसमोर ते थरथर थरथर इकडं-तिकडं जात होतं. आता स्पिंडल घुंऽ घुंऽ करणार, आता नमुन्यावर लाटा उठणार, सगळं साहेबांसमोर, आणि मी त्यांचा हात धरून बाजूला तर करू शकत नव्हते. मी डोळे मिटून घेतले. आवाज उतरला. सावकाश, एका सुरात, उतार उतरावा तसा उतरला आणि तिथंच थांबला. वास गेला. डोळे उघडले तर भुसा पिवळा पडत होता, आप्पांचा हात अजून बटणावर होता, अजून हलत होता, आणि स्पिंडलला त्याचा पत्ता नव्हता.

त्यात माझी काही हुशारी नव्हती, हे सांगून टाकते. पाटीवर बटणाला जागा टाकीच्या अलीकडंच होती, म्हणून मी ते तिथं जोडलं होतं. ठोक्यांबरोबर आप्पांच्या हाताची थरथरही त्या टाकीत पडत होती आणि मुरत होती. मला ते सुचलेलं नव्हतं, कळलं तेही त्या क्षणीच. आप्पांना माझ्याआधी कळलं. त्यांनी बटण थोडं पुढं नेलं, थोडं मागं आणलं, कान देऊन ऐकलं. आवाज वर गेला, खाली आला, कुठं म्हणून कापला नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तो चेहरा मी लहानपणी पाहिलेला होता, नमुन्यावरून अंगठा फिरवून झाल्यावरचा. एवढं आनंदलेलं मी त्यांना परत कधी पाहिलं नाही.

नमुना उतरला. साहेबांनी मापं घेतली, मान हलवली, काम तुमच्याकडंच राहील म्हणाले. दादाचे डोळे भरून आले, तो उगाच मॉनिटर पुसायला लागला. दुसरं लाकूड चढवून मशीन परत चालू केलं आणि आईनं चहा आणला. साहेबांचा पेला काठापर्यंत भरलेला, दादाचा भरलेला, माझा भरलेला. आप्पांचा अर्धा.

“माझा बी भरून आन,” आप्पा म्हणाले.

आई जागची हलली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेली, मी मशीन सरळ केलेलं, आता या घरात काय होऊ शकतं आणि काय नाही ते मीच सांगायचं होतं. साहेब तिथं बसलेले. मी माझ्या पेल्याकडं बघितलं. आई आत गेली आणि काठापर्यंत भरलेला पेला घेऊन आली, वरची साय हलत होती. आप्पांनी तो उजव्या हातानं घेतला, एकाच हातानं, पाहुण्यासमोर घरधन्यानं घ्यावा तसा.

चहा ओठांपर्यंत पोचलाच नाही. मनगटावर सांडला, सदऱ्यावर सांडला, मांडीवर सांडला. गरम होता. आप्पांनी पेला सोडला नाही आणि खालीही ठेवला नाही, तो तसाच हवेत धरून बसले, आणि तो सांडत राहिला. साहेब भले माणूस, ते वळून मशीनकडं बघायला लागले आणि म्हणाले, काय सुरेख चाललंय हो. खरंच सुरेख चाललं होतं. एका सुरात, कुठं म्हणून कापत नव्हतं. मी पुढं होऊन पेल्याखाली हात धरला. आप्पा माझ्याकडं बघून थोडेसे हसले.

“टाकी तिकडंच हाय व्हय,” ते म्हणाले.

आईनं पदरानं त्यांचा हात पुसला, त्यावर खोबरेल लावलं. पुढं बरीच वर्षं आप्पा रोज सकाळी शेडमध्ये जाऊन बटणावर हात ठेवून बसायचे, दादा त्यांना विचारल्याशिवाय मशीन लावत नसे. पण साहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दौंडच्या एसटीला निघाले, तेव्हा आईनं आप्पांचा पेला अर्धाच भरला होता, आणि त्यांनी तो घेतला.